विहीणबाईंचं नाव नातीला

पत्र:

ताई, माझी लेक ग्रीसमध्ये थेस्सालोनिकीला असते. जावई तिथलेच. आषाढात त्यांना मुलगी झाली. आम्ही इथे नावांची यादी करत बसलो होतो आणि मी मनात 'इरा' धरून ठेवलं होतं. तेवढ्यात लेकीचा फोन आला की नाव ठरलंय, 'ऐकातेरिनी'. हे विहीणबाईंचं नाव. त्यांच्याकडे तशी रीत आहे म्हणे. मला विचारलं नाही, नुसतं कळवलं. नणंद म्हणते, नेटवर अर्थ 'पवित्र' असा दिलाय, मग तक्रार कसली? भाच्यानं मात्र शोधून काढलं की मूळ शब्दाचा अर्थ 'यातना' असा आहे, आणि त्या नावाच्या संतिणीला चाकाला बांधून मारलं होतं. तेव्हापासून मनात पाल चुकचुकतेय. घरातली पोरं कॅटरिना कैफचं नाव घेऊन हसतात ते वेगळंच. खरा अर्थ काय? नाव अशुभ आहे का? मी बोलावं की गप्प बसावं?
— एक आजी, सांगली

उत्तर:

आजीबाई, नमस्कार आणि अभिनंदन. नात झाल्याचा आनंद तुमच्या पत्रात कुठे तरी तळाशी गेलाय, तो आधी वर काढू या.

उच्चारापासून सुरुवात करते, कारण पुढे लोक तुम्हाला नाव विचारणार आणि तुम्ही ते सांगणार. ग्रीक लिपीत हे नाव आल्फा आणि योटा या दोन अक्षरांनी सुरू होतं म्हणून इंग्रजीत ते 'ए' आणि 'आय' असं लिहिलं जातं. आपण ते वाचतो 'ऐ'. आजचे ग्रीक मात्र त्या जोडीचा उच्चार सरळ 'ए' करतात. म्हणून 'एकातेरिनी', जोर 'री'वर. आणि तेही फक्त जन्मदाखल्यावर, पासपोर्टवर, शाळेच्या हजेरीपटावर. घरात, गल्लीत, दुकानात ती 'कातेरीना'च असणार. लाडानं 'केती', 'कातिया', 'कातेरिनाकी', नाहीतर नुसतं 'रीना'. रीना तर तुमच्या सांगलीतही खपून जाईल.

आता अर्थ. तुमची नणंद आणि तुमचा भाचा, दोघांनीही नेटवर वाचलेलं खरं मानलं. त्यातलं निर्विवाद एकही नाही.

'पवित्र' हा अर्थ येतो 'काथारोस' या ग्रीक शब्दावरून. काथारोस म्हणजे स्वच्छ, निर्मळ. साहित्य शिकलेल्यांना याच मुळातला 'कॅथार्सिस' माहीत असतो, ज्याला आपण विरेचन म्हणतो. पण एक अडचण आहे, आणि ती मराठी कानाला इंग्रजी कानापेक्षा लवकर कळते. 'काथारोस'मध्ये 'थ' आहे. प्राचीन ग्रीक तो आपल्यासारखाच श्वास सोडून म्हणत. आणि एकातेरिनीत आहे 'त'. ग्रीक भाषेत ही दोन वेगळी अक्षरं, थीटा आणि ताउ. 'ताट' आणि 'थाट' आपण एक मानत नाही, तसंच ग्रीक माणूसही मानत नव्हता. मग घोटाळा झाला कुठे? नाव ख्रिस्ती जगात पसरत गेलं तेव्हा. संतिणीचं नाव, कुमारिका संतीण, म्हणजे अर्थ 'शुद्ध'च असणार असं भाविकांनी धरून चाललं आणि लॅटिनमध्ये 'कातेरिना'चं 'काथारिना' झालं. तिथून इंग्रजी 'कॅथरीन'मधला 'थ' आला. म्हणजे आधी अर्थ ठरला आणि मग त्याला शोभेल असं स्पेलिंग केलं गेलं. बाळांच्या नावांची पुस्तकं आणि संकेतस्थळं तोच अर्थ पुढे चालवतात.

भाच्याचा 'यातना'वाला शब्द म्हणजे 'आइकिया'. छळ, विटंबना असा त्याचा अर्थ. नावाची सुरुवात त्याच्याशी जुळते म्हणून काहींनी तोही सुचवला, पण मला तो संतिणीची कथा ऐकून मागाहून जोडल्यासारखा वाटतो. आपली मुलगी पाळण्यात असताना कोणती आई तिचं नाव 'छळ' ठेवेल? त्यापेक्षा बरं मत म्हणजे 'हेकातेरोस' या शब्दाचं, 'दोहोंपैकी प्रत्येक' अशा अर्थाचं. त्यावरून 'हेकातेरिने' असं नाव झालं आणि पुढे आरंभीचा 'ह' गळाला, असं मानतात. ग्रीकमध्ये तो 'ह' सगळीकडूनच गळाला, त्यामुळे हे पटण्यासारखं आहे. चौथं मत हेकाते या देवीचं. ही तिठ्यावरची देवी. अमावास्येच्या सुमाराला ग्रीक लोक तिच्यासाठी तिठ्यावर जेवण ठेवून येत. दहीभाताचा उतारा पाहिलेल्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागत नाही. (भाच्याला हे एवढ्यात कळवू नका. त्याला नवं कोलीत मिळेल.)

अभ्यासकांचं यावर एकमत नाही. नाव जुनं आहे, ग्रीक बोलणाऱ्यांमधून आलंय, आणि मूळ अर्थ वादाचा आहे, एवढंच प्रामाणिकपणे सांगता येतं. त्यामुळे अर्थावरून हे नाव घ्यायचंही कारण नाही आणि टाकायचंही.

मग चाकाची गोष्ट. ती मात्र नावाला चिकटलेली आहे आणि ती नीट ऐकण्यासारखी आहे. कथा चौथ्या शतकाच्या आरंभीच्या अलेक्झांड्रियातली. कातेरीना ही मोठ्या घरातली, तरुण, आणि भरपूर शिकलेली मुलगी. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या सम्राटाला ती तोंडावर जाब विचारते. तो तिला वादात हरवायला पन्नास तत्त्वज्ञ बोलावतो. ती पन्नासांनाही निरुत्तर करते आणि ते तिचंच मत स्वीकारतात. सम्राट चिडतो आणि खिळे ठोकलेल्या चाकावर तिला मारायचा हुकूम देतो. ती हात लावते आणि चाक मोडून पडतं. म्हणजे भाच्यानं अर्धीच गोष्ट वाचली, त्या कथेत चाक मोडतं, पोरगी नाही. पुढे तलवारीनं तिचं शिर उडवतात, हे खरं, ते मी लपवत नाही. पण चित्रांत आणि पुतळ्यांत ती उभी असते ती शेजारी मोडकं चाक घेऊन. शत्रूचं मोडलेलं हत्यार हीच तिची खूण झाली. विद्यार्थी, तत्त्वज्ञ, लग्नाच्या मुली, आणि चाकं बनवणारे सुतारसुद्धा तिला आपली पाठीराखी मानू लागले. इंग्रज लोक खांबाला ठोकून गरगर फिरवतात त्या दारूकामाला आजही 'कॅथरीन व्हील' म्हणतात. आपलं भुईचक्र जमिनीवर फिरतं, तर ते हवेत.

ती खरोखर होऊन गेली का? तिच्या काळातला पुरावा नाही, कथा लिहून आली ती काही शतकांनी. काही अभ्यासकांना यात हायपेशियाची सावली दिसते. हायपेशिया ही अलेक्झांड्रियाचीच, गणित आणि तत्त्वज्ञान शिकवणारी, जुन्या धर्माची बाई. तिला ४१५ साली ख्रिस्ती जमावानं ठार मारलं. त्याच शहरातली विदुषी, तसाच मृत्यू, फक्त मारणारे आणि मरणारी यांचे धर्म उलटे. मला हे मत सिद्ध झालेलं वाटत नाही, पण डोक्यातून जातही नाही. कॅथलिक चर्चनं १९६९ मध्ये पुराव्याअभावी कातेरीनाचा सण आपल्या सर्वसाधारण पंचांगातून काढला आणि २००२ मध्ये परत घातला. ग्रीकांनी तो कधी सोडलाच नव्हता. सिनाईच्या डोंगरातला तिच्या नावाचा मठ तर सम्राट जस्टिनियननं सहाव्या शतकात बांधून घेतलेला, तिचं नाव त्याला नंतर लागलं, कारण देवदूतांनी तिचा देह तिथल्या शिखरावर नेऊन ठेवला अशी श्रद्धा होती. इजिप्तमधलं सर्वांत उंच शिखर आज तिच्याच नावानं ओळखलं जातं.

अशुभाचं म्हणाल, तर आपल्याकडे जानकी, वैदेही, मैथिली ही नावं आपण किती हौसेनं ठेवतो. त्या माउलीच्या वाट्याला काय आलं हे ठाऊक असूनच ठेवतो ना? वनवास बघून कुणी ती नावं टाकली नाहीत. कातेरीनाला वेगळी फूटपट्टी कशाला?

आता एक असा भाग, जो सांगताना मलाच गंमत वाटतेय. तुम्हाला हे नाव परकं वाटतं. ते आपल्या किनाऱ्यावर पाचशे वर्षांपूर्वी आलंय आणि तेही तारखेच्या बोटाला धरून. संत कातेरीनाचा दिवस २५ नोव्हेंबर. पोर्तुगीज सेनापती अल्फोन्सो द अल्बुकर्कनं १५१० साली गोवा आदिलशाहीकडून एकदा घेतलं आणि दोन-तीन महिन्यांत गमावलं. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला तो परत आला आणि त्यानं शहर जिंकलं. दिवस कातारीना संतिणीचा, म्हणून विजय तिचा असं त्यानं मानलं. जुन्या गोव्यात तिच्या नावाचं छोटं चॅपेल उभं राहिलं. पुढे १५६२ मध्ये काम सुरू झालेलं भलंमोठं से कॅथेड्रल, तेही तिलाच वाहिलेलं. आपली माणसं तिथे बॉम जेझू चर्चचं दर्शन घेतात, समोरच्या कॅथेड्रलमध्ये पाच मिनिटं डोकावतात आणि घंटेचा फोटो काढून परततात. पुढच्या वेळी मुख्य वेदीपर्यंत चालत जा. सोनेरी नक्षीच्या त्या उंच वेदीवर कोरलेले जे प्रसंग आहेत, ते याच कातेरीनाच्या चरित्रातले. जिंकल्यानंतर अल्बुकर्कच्या माणसांनी शहरातल्या मुसलमानांची कत्तल केली, हेही त्याच तारखेच्या खात्यावर आहे. वेदीवर ते कोरलेलं नाही.

आणि मुंबई. शाळेत सगळ्यांनी घोकलंय, पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली. राजकन्येचं नाव कॅथरीन ऑफ ब्रगान्झा, पोर्तुगीजमध्ये कातारीना. तिचा जन्म १६३८ सालचा, आणि तारीख कोणती? २५ नोव्हेंबर. संतिणीच्या दिवशी जन्मली म्हणून संतिणीचं नाव, रामनवमीला झालेल्या पोराचं नाव राम ठेवावं तसं. लग्नाचा तह १६६१ मधला, पण इथल्या पोर्तुगीजांनी बेट सोडायला इतकी खळखळ केली की इंग्रजांना ताबा मिळाला १६६५ मध्ये. राजाला त्या बेटाचं काय करावं कळेना, म्हणून १६६८ साली त्यानं ते वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीच्या पदरात टाकलं. राणीबाईंनी स्वतः मुंबई कधीच पाहिली नाही. गोव्याची संतीण आणि मुंबईचं आंदण, दोन्हीकडे हेच नाव. तुमची नात सुट्टीत आली की तिला सांगायला तुमच्याकडे इतका मालमसाला आहे की विहीणबाईंकडेसुद्धा नसेल.

बाकी जगात हे नाव कुठे कुठे गेलं ते थोडक्यात. स्पेनमध्ये कातालिना, पोलंडमध्ये काताझिना, आयर्लंडमध्ये केटलिन आणि कॅथलीन, डेन्मार्कमध्ये कॅरन, रशियात येकातेरिना आणि लाडानं कात्या. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या सहा राण्यांपैकी तिघी कॅथरीन, त्यामुळे इतिहासाचे विद्यार्थी आजही हैराण. रशियाच्या दोन प्रसिद्ध सम्राज्ञींची तर वेगळीच तऱ्हा. पहिली कॅथरीन जन्मानं मार्ता, दुसरी, जिला 'द ग्रेट' म्हणतात, ती जर्मन घरातली सोफी. १७४४ मध्ये ऑर्थोडॉक्स पंथात घेताना सोफीला येकातेरिना केलं. एक ग्रीक नाव काढून दुसरं ग्रीक नाव दिलं! नव्या घरी गेल्यावर नाव बदलायची सवय आपल्याकडेच आहे असं समजू नका.

आणि तुमच्या लेकीच्या गावापासून फार लांब नाही, अथेन्सच्या वाटेवर ऑलिंपस पर्वताच्या पायथ्याशी एक शहर आहे, नावच 'कातेरिनी'. खुद्द थेस्सालोनिकी हेही एका बाईचंच नाव, अलेक्झांडरच्या सावत्र बहिणीचं. बायकांची नावं गावांना देणाऱ्या मुलखात तुमची नात जन्माला आलीय.

आता रीत. लेकीनं तुम्हाला जे सांगितलं ते खोटं नाही. ग्रीसमध्ये आजी-आजोबांचं नाव नातवंडाला द्यायची पद्धत फार घट्ट आहे. बहुतेक भागांत पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं आणि पहिल्या मुलीला वडिलांच्या आईचं, काही बेटांवर मुलीला आईच्या आईचं. आजी हयात असली तरीही. उलट, हयात असताना नाव मिळालं तर तिला धन्य वाटतं. एका आजीच्या नावाच्या चार-चार चुलत बहिणी एका घरात सापडतात, आणि म्हणूनच इतकी लाडाची रूपं लागतात. बाप्तिस्मा होईपर्यंत पुष्कळ घरांत बाळाला नावानं हाकच मारत नाहीत, नुसतं 'बेबा' म्हणतात. बाप्तिस्मा करायचा की नाही, तो प्रश्न आईबापांचा, त्यात तुम्ही पडू नका.

विहीणबाईंनी तुम्हाला मुद्दाम डावललं असं मला वाटत नाही. तुमच्या लक्षात आलंय का, आपल्या रीतीप्रमाणेसुद्धा नाव ठेवायचा मान कुणाचा? आत्याचा. आत्या म्हणजे जावयांची बहीण. बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगणार ती. म्हणजे हा मान सांगलीच्या पद्धतीनंही तिकडेच जातो. त्यांनी आपल्या आईचं नाव निवडलं. तुम्ही रागावणार कशावरून?

पण लेकीनं तुम्हाला नुसतं कळवलं याचं तुम्हाला लागलं, ते बरोबर आहे, आणि ते बोला. लेकीशी बोला, एकटीशी, फोनवर. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाही, तिथे नणंद आणि भाचा दोघेही आहेत. "नाव बदल" असं म्हणू नका. "मला आधी सांगितलं असतंस तर बरं वाटलं असतं" एवढं म्हणा आणि थांबा. बाळंतिणीला त्याहून जास्त ऐकवू नये.

आणि 'इरा' सोडू नका. हे मी समजूत काढायला म्हणत नाही. झ्यूसची पत्नी, देवांची राणी, जिला आपण इंग्रजीवरून हेरा म्हणतो, तिच्या नावाचा आजच्या ग्रीसमधला उच्चार काय आहे ठाऊक आहे? 'ईरा'. आधी सांगितलेला गळालेला 'ह' इथेही गळाला. म्हणजे तुम्ही सांगलीत बसून मनात धरलेलं नाव थेस्सालोनिकीच्या कुठल्याही आजीला एका दमात म्हणता येईल, आणि ती म्हणेल, वा, आमच्या देवीचं नाव! थोडी मत्सरी देवी आहे, सवतींच्या मागे लागणारी, पण लग्नसंस्थेची राखणदार. आपल्याकडे इरा म्हणजे सरस्वती. दोन्हीकडे देवीच. बारशाला आपण एकाहून जास्त नावं पाळण्यात ठेवतोच. आत्याला व्हिडिओवर बसवा, तिला पहिलं नाव कातेरीना म्हणू दे, दुसरं इरा. 'कुर्र' कसं करायचं ते लेक शिकवेल. कागदावरही दुसरं नाव घालायचं असेल तर तिकडच्या नोंदणी कार्यालयात लेकीनं आधीच विचारून घ्यावं, नंतर बदलायला गेलं की कटकट वाढते.

कागदाचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी तिला सांगा. घरात कातेरीना म्हणा, पण पुढे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) वगैरे काढायचं ठरलं तर पासपोर्टवर नाव इंग्रजीत जसं छापलंय, अक्षर न् अक्षर तसंच लिहा, आपल्या उच्चाराला धरून स्पेलिंग सुधारू नका. दुसरं आडनावाचं. ग्रीकमध्ये बाईच्या आडनावाला षष्ठी लागते. बाप पापादोपुलोस असेल तर मुलगी पापादोपुलू होते, म्हणजे 'पापादोपुलोसची'. इथल्या खिडकीमागचा बाबू बापलेकीची आडनावं वेगळी का म्हणून अडवू शकतो. त्याला सांगायला दोन ओळींचं स्पष्टीकरण आधीच तयार ठेवावं.

घरातल्या पोरांना हसू द्या, आठवडाभरात विसरतील.

आणि २५ नोव्हेंबरला विहीणबाईंना फोन करा. ग्रीसमध्ये वाढदिवसापेक्षा नावाच्या दिवसाचं कौतुक जास्त असतं, त्या दिवशी सगळ्या कातेरीनांच्या घरी फोन खणखणतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला गोड खिलवतात. त्यांना म्हणायचं, 'ख्रोनिया पोला', खूप वर्षं लाभोत. यंदा त्या घरात दोन कातेरीना आहेत, म्हणून दोनदा म्हणा. थोडे पेढे पंधरा दिवस आधी पार्सलनं रवाना करावेत असं मनात येईल, पण दुधाचे पदार्थ बाहेरून आलेले तिकडे चालत नाहीत, तेव्हा पेढ्यांऐवजी तिळाच्या वड्या पाठवता येतील का ते कुरिअरवाल्याला विचारून घ्या.